विरीवरचं माप

आमच्या वाडीत रोज संध्याकाळी घरी येणारा बाप एकच होता, आणि तो माझा होता. बाकीच्या घरांतले बाप मुंबईत. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी कुठल्याशा हापिसात पट्टेवाला. ते शिमग्याला नाहीतर गणपतीला यायचे, ट्रंकेतून फ्रॉकचं कापड आणि गोळ्यांचा डबा काढायचे, आणि त्यांची स्वतःची पोरं पहिले दोन दिवस आईच्या मागे लपून त्यांच्याकडे बघत राहायची. ओळख जमते न जमते तोवर परत जायची वेळ व्हायची. माझ्या शेजारची सुलू आपल्या बापाचा उल्लेख 'ते' असा करायची. 'ते येतले शिमग्याक.' मला तिची दया यायची आणि, खोटं कशाला बोलू, त्या दयेत पुष्कळसा माज होता.

आबा घरी राहिले याचं कारण त्यांची गाडी. आबा लढाईत मोटार चालवायला शिकले. लढाई संपली, फौजेनं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, आणि आबांनी होती-नव्हती ती साठवण घालून त्यातली एक उचलली. अमेरिकन बनावटीची, पुढे दोघांना बसायची केबिन, मागे फळ्यांचा उघडा हौदा. लॉरीहून लहान पण अंगानं दणकट. हौद्यात जांभ्या दगडाचे चिरे भरा नाहीतर माणसं भरा, तिची तक्रार नसायची. मूळचा फौजी रंग उडाला तेव्हा आबांनी तिला होडीला लावायचा निळा रंग फासला. गाव तिला 'पिकप' म्हणायचं. आबा नुसतं 'गाडी' म्हणायचे, दुसरी जगात नसल्यासारखं. सकाळी रापणीची, म्हणजे काठावर ओढून आणलेल्या मोठ्या जाळ्यातली, मासळी किनाऱ्यावरून उचलून कुडाळच्या बाजारात टाकायची, येताना कुणाचं सिमेंट, कुणाचे नारळ, कुणाची बाळंतीण. लग्नाच्या दिवसांत वऱ्हाडं. एकदा एक बैल आणि त्याचा मालक दोघेही मागे उभे राहून आले होते, आणि मालकालाच गाडी लागली होती.

सकाळी आबा पुढे हँडल मारायचे. दोन वेळा नुसतीच खाकरायची, तिसऱ्या खेपेला घर हलवून सोडायची. मी त्या वेळी चुलीपाशी उकड्या तांदळाची पेज पीत असायची, बरोबर सुक्या बांगड्याचा भाजलेला तुकडा. माझा भाऊ तेव्हा दोन वर्षांचा होता; तो त्या आवाजाला टाळ्या वाजवायचा. संध्याकाळी खाडीच्या वळणावर गाडीचा आवाज आला की आये तव्यावर मासा टाकायची. आबा गाडी माडाखाली लावून, पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत तो एका बाजूनं खरपूस झालेला असायचा. आये घड्याळ लावून काही करत नसे, तिला घड्याळ कळतही नव्हतं, पण तो मासा कधी करपला नाही. वाडीतल्या दुसऱ्या बायकांना असा मासा तळायचं कारणच नव्हतं. त्या आपल्या सकाळचं सार दुपारी आणि दुपारचं रात्री जेवायच्या.

समुद्राकाठी लोखंडाचं आयुष्य कमी. आबा गाडी रापणीसाठी थेट पुळणीवर, वाळूत उतरवायचे, खारं पाणी चाकांना लागायचं, आणि घरी आल्यावर विहिरीच्या पाण्यानं कितीही धुतली तरी जे व्हायचं ते व्हायचंच. चाकाच्या लोखंडी भागाला, ज्यावर टायर चढतो त्याला, आबा डिस्क म्हणायचे. आमच्या गाडीच्या डिस्कला पाच भोकं, त्यातून पाच बोल्ट बाहेर यायचे आणि त्यावर नट आवळायचे. मी दहावीत होते त्या वर्षी, शिमगा तोंडावर असताना, चिरे घेऊन येताना मागची डावी डिस्क भोकांपाशी चिरली. वेग नव्हता म्हणून बरं. गाडी बांधावर कलंडून उभी राहिली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आबांनी उजवी काढून बघितली तर तिचीही भोकं झिजून लांबुळकी झाली होती. गाडी कशीबशी ओढत घरी आणली आणि मागच्या बाजूनं चार चिऱ्यांवर चढवून ठेवली.

त्याच आठवड्यात मुंबईहून काकाचं पत्र आलं. काका आबांचा धाकटा भाऊ. एका कंपनीत ड्रायव्हरची जागा रिकामी होतेय, साहेबाशी बोलून ठेवलंय, पाडव्यापर्यंत होय की नाही कळवा, असं त्यात होतं. पत्र मीच वाचून दाखवलं, कारण काकाचं अक्षर आबांना लागत नसे. आमच्याकडच्या बाजूनं दुसरी एक गोष्ट होती. वरच्या आळीत तात्या म्हणून मोठे बागायतदार होते. पाडव्यापासून त्यांचे आंबे रोज पेट्यांनी मालवण बंदरावर आगबोटीला जायचे, आणि ते काम दरसाल आबांचं असायचं. त्या दोन महिन्यांवर आमचा पुढचा पावसाळा निघायचा. तात्यांनी निरोप दिला होता की पाडव्याला गाडी माझ्या बेड्यापाशी, आवाराच्या दाराशी, उभी दिसली तर काम तुमचं, नाहीतर मला वेंगुर्ल्याची लॉरी सांगावी लागेल. त्यांचंही चूक नव्हतं. आंबा कुणाच्या डिस्कसाठी थांबत नाही.

आबा जेवताना म्हणाले, "पाडव्याच्या आदी डिस्की गावल्यो तर रवतंय. नाय गावल्यो तर जातंय."

आये म्हणाली, "गावतल्यो. देवाक काळजी."

 मला सुलू आठवली आणि मी ताट तसंच ठेवून उठले.

असल्या जुन्या फौजी गाड्यांचं सामान मिळायचं ते बेळगावात. तिथे लष्कराची छावणी, आणि छावणीतून निघालेल्या भंगाराची दुकानं. आबांना माहीत होतं की पाच भोकांच्या डिस्का तिथे ढिगानं असतील, पण सगळ्या पाच भोकांच्या डिस्का एकमेकींच्या बहिणी नसतात. भोकांमधलं अंतर वेगळं असतं, मधल्या मोठ्या भोकाचा आकार वेगळा असतो, आणि डिस्कचं पोट, म्हणजे ती आत किती खोल बसते ते, वेगळं असतं. त्यातलं एकही चुकलं तरी चाक बसत नाही, किंवा बसतं आणि पुढे दगा देतं. आबांचा बेत सरळ होता. फुटकी डिस्क एस.टी.च्या टपावर टाकून बरोबर न्यायची आणि तिच्यावर ठेवून दुसरी पारखायची. पण मध्येच त्यांना ताप भरला. तीन-चार दिवस अंथरुणावर होते. आणि इथे मी माझी अक्कल पाजळली.

मी म्हटलं, "आबा, अंगात ताप आसा नि ता लोखांड कित्याक न्हेतास? येताना दोन हाडूच्योच आसत. विरीवर नमुनो घेवया, सुतार होडयेचो घेतत तसो."

विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचं बुंध्याकडचं रुंद पान, जे खोडाला गुंडाळलेलं असतं. ताजी गळून पडलेली विरी चामड्यासारखी मऊ आणि चिवट असते. आमच्याकडे तिच्यात मासे बांधतात, तिच्यावर बसतात, तिच्या पत्रावळी करतात. पुळणीवर होड्या बांधणारे सुतार होडीच्या वाकाचा नमुना घ्यायला ओली विरी दाबून धरतात, सुरीनं कापतात, आणि तोच आकार लाकडावर उतरवतात. मी लहानपणापासून ते बघत आले होते. शिवाय मी भूमितीत वर्गात पहिली. पाच भोकांचं माप फूटपट्टीनं घेता येत नाही, कारण एका भोकाच्या समोर दुसरं भोक येतच नाही, हे मी आबांना पाटीवर वर्तुळ काढून समजावून दिलं. आबा तापात होते, त्यांनी मान डोलावली. आये म्हणाली, "चेडू बराबर सांगता." चेडू, म्हणजे मुलगी, मी.

मंगळवारी सकाळी मी पोफळीखालून एक मोठी विरी आणली. बोल्टांच्या टोकांना दिव्याची काजळी तेलात कालवून लावली, विरी त्यावर दाबली, पाच काळे ठिपके उठले, ते सुरीनं गोल कापले. मग विरी बोल्टांवर चढवून बघितली. अंगठी बोटात जावी तशी गेली. आबा पांघरूण गुंडाळून ओसरीवरून खाली आले, स्वतःच्या हातानं ती दोनदा घालून काढून बघितली आणि म्हणाले, "ह्या बरा केलंस गो." माझा बाप असं सहसा बोलणाऱ्यांतला नव्हता. मी दिवसभर तरंगत होते. विरीच्या कडा वळू नयेत म्हणून मी ती घरापुढच्या खळ्यात सपाट ठेवली, वर दोन पाट ठेवले. आबा रविवारी निघेपर्यंत ती तिथेच होती, चैत्राच्या आधीच्या उन्हात.

सुतार विरी ओली असतानाच काम उरकतो. दुपारी जेवायला जाताना तिच्यावर पाणी शिंपडून जातो, आणि दुसऱ्या दिवशी नवी घेतो. हे मी शंभरदा डोळ्यांनी बघितलं होतं. का करतो, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. पुढे मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि उत्तर बरोबर आलेल्या मुलांनासुद्धा 'का' विचारून छळलं. त्यांना माझा राग यायचा. त्यांना ही विरी माहीत नव्हती.

आबा रविवारी गेले, मंगळवारी संध्याकाळी दोन डिस्का घेऊन परतले. बुधवारी सकाळी आम्ही सगळे खळ्यात जमलो. भिवा लोहार मुद्दाम आला होता. आबांनी पहिली डिस्क उचलून बोल्टांवर धरली. दोन बोल्ट आत गेले. तिसरा भोकाच्या कडेला अडला. आबांनी डिस्क फिरवून धरली, पुन्हा दोन गेले आणि तिसरा अडला. दुसरी घेतली, तिचंही तसंच. फरक जेमतेम करंगळीच्या नखाएवढा. पण लोखंडाला नखाएवढं म्हणजे कोसभर.

भिवा म्हणाला, "भोकां वायच कानशीन घासूया. दुपारपर्यंत बसयतंय."

"मागे माणसां बसतत, भिवा," आबा म्हणाले. "पयली फुटली ती भोकां रुंद होवनच फुटली."

"मगे बेळगावकारान फसवल्यान," आये दारातून म्हणाली.

आबा डिस्क खाली ठेवून उकिडवे बसले. म्हणाले, "माझ्या चेडवाचा माप चुकाचा नाय. टपार बांधताना जोडी बदलल्यान तेणा." भिवानं मान हलवली. घाटावरची माणसं अशीच, यावर त्यांचं एकमत झालं. दुपारी भिवा गेला, आबा आडवे झाले. मी विरी घेतली आणि उगाच, काही मनात नसताना, बोल्टांवर लावायला गेले. ती गेली नाही. विरीच्या धाग्याच्या दिशेनं, लांबीत, भोकं बोल्टांवर बरोबर येत होती. रुंदीत ती आखडली होती. पाच भोकं आता वर्तुळावर नव्हतीच. उन्हानं माझं वर्तुळ चेपून टाकलं होतं, आणि आबांनी त्या चेपलेल्या वर्तुळाला जवळात जवळ बसणारी जोडी शोधून आणली होती. दुकानदारानं काहीही बदललं नव्हतं.

तो बुधवार होता. उन्हं अजून पोफळीच्या माथ्यावर होती. मला हे सगळं एका क्षणात कळलं, शंका राहिली नाही, आणि मी विरी दुमडून गोठ्याच्या पाख्यात खोचून ठेवली.

का, ते मी स्वतःला अनेक रीतींनी सांगून बघितलंय. आबांचा ताप पुरता उतरला नव्हता, हे खरं. आबा भिवासमोर, आयेसमोर, 'माझ्या चेडवाचा माप चुकाचा नाय' म्हणाले होते, आणि ते वाक्य मला फार आवडलं होतं, हेही खरं, आणि हेच जास्त खरं. मला ते वाक्य आणखी थोडे दिवस हवं होतं. गुरुवारी मी शाळेत गेले. भूमितीच्या तासाला बाईंनी मला फळ्यावर बोलावलं आणि मी प्रमेय सिद्ध करून खाली बसले. घरी आल्यावर आबा मला म्हणाले की शनिवार-रविवारी जरा बरं वाटलं की बेळगावला जाऊन त्या माणसाची गचांडी धरतो. मी होय म्हटलं. जेवणात सोलकढी होती. मी दोन वाट्या प्यायले.

शुक्रवारी संध्याकाळी आबांचा विचार बदलला. आधी पत्र टाकू, म्हणजे तो गडी माल दडवणार नाही, असं त्यांना वाटलं. मला दौत-टाक आणायला सांगितलं. पत्र सांगताना आबा एकदम कचेरीतलं मराठी बोलू लागायचे. "लिव. रा. रा. दुकानदार यांस. आपण आम्हास एक जोडी दाखविलीत व दुसरी दिलीत. ही उघड लबाडी आहे." मी 'उघड' पर्यंत लिहिलं. अक्षर माझं होतं. खाली सही आबांची पडणार होती, पण 'लबाडी' हा शब्द माझ्या हातानं कागदावर जाणार होता, आणि लबाड कोण ते मला माहीत होतं. माझा टाक थांबला. शाईचा थेंब पडला.

"आबा," मी म्हटलं, "ह्या पत्र नको. दुकानदाराची चूक नाय. विरी सुकान आखाडली. माप माझाच चुकला."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "तुका कधी समाजला?"

"आत्ताच," मी म्हटलं. "पत्र लिवच्या आदी लावन बघलंय."

मी विरी आणून दाखवली. आबांनी ती बोल्टांवर धरली, आडवी, उभी.  मला मार बसणार असं वाटलं. मग ते म्हणाले, "थंय बेळगावात पयल्यांदा जी जोडी हातात घेतलंय, तीच आमची. डोळे सांगी होते ह्योच. विरी सांगी होती, नाय. मी तुझ्या विरीचा आयकलंय." आवाजात राग नव्हता. मग उठून आयेला म्हणाले, "उद्याच्या पयल्या गाडयेन जातंय. शालूक न्हेतंय वांगडा. ह्या बारीचो नमुनो लोखंडाचो." शालू म्हणजे मी.

शनिवारी पहाटेच्या एस.टी.नं आम्ही निघालो. टपावर तीन डिस्का: दोन न बसणाऱ्या आणि एक आमची फुटकी. कंडक्टर कुरकुरला, आबांनी त्याला विडी दिली. कुडाळ, सावंतवाडी, मग आंबोलीचा घाट. मी घाट चढून कधी गेले नव्हते. गार वारा लागला, पलीकडे सगळी जमीन सपाट झाली, माड संपले, आणि मला एकसारखं वाटत होतं की अजून काही बिघडलेलं नाही. जोडी तिथेच असेल. आबांनी डोळ्यांनी ओळखलेली जोडी कोण कशाला नेईल?

दुकान म्हणजे पत्र्याची मोठी शेड आणि मागे आवार. दुकानदार म्हातारे गृहस्थ होते, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. आबांनी आधी सगळं सांगून टाकलं: चूक आमची, विरी सुकली, तुमच्याबद्दल घरात वाईट बोललो. म्हातारे हसले. "मी म्हटलोच होतो तुम्हाला, हीच जोडी तुमच्या गाडीची. तर तुम्ही म्हटलासा, विरी नाही म्हणते. आता विरीपुढं मी काय बोलणार?"

"ती जोडी खंय आसा?" आबांना घाईत मराठी आठवलं नाही.

"ती काल सकाळी गेली की. वैभववाडीकडचा एक माणूस आला, पाच मिनिटं बघितला, उचलून नेला."

काल म्हणजे शुक्रवार. मी तिथे उभ्या उभ्या बोटं मोजली, गणितात पहिली असून. बुधवारी सांगितलं असतं तर गुरुवारी निघालो असतो. गुरुवारी संध्याकाळी या शेडमध्ये असतो. जोडी इथे असती.

आबा मात्र लगेच कामाला लागले. फुटकी डिस्क मधोमध ठेवली आणि म्हाताऱ्यांच्या आवारातली एकेक पाच भोकांची डिस्क तिच्यावर आणून धरू लागले. मीही ओढत आणत होते. हात गंजानं लाल झाले. काही भोकांतच अडायच्या. काहींची भोकं जुळायची आणि मधलं तोंड लहान निघायचं. दुपार कलली तेव्हा एक जोडी सापडली जिची पाचही भोकं जुळली, मधलंही जुळलं.  आबांनी एक फळी डिस्कच्या कडेवर आडवी टाकली आणि बोटं आत घालून पोट मोजलं. मग आमच्या फुटक्या डिस्कचं तसंच मोजलं. नवी दोन बोटं जास्त खोल होती.

"आत बसतली," ते म्हणाले. "टायर स्प्रिंगच्या पाट्यांका घासतलो."

"मध्ये एक कडं घाला की," दुकानदार म्हणाले. "पुष्कळ जण घालतात. चालतंय."

मी आबांकडे बघितलं. मीही तेच म्हणणार होते. आबा म्हणाले, "चलतली. धा मैल चलतली. अकराव्या मैलार काय होतला ता माका ठावक नाय." आणि डिस्क जागेवर नेऊन ठेवली. त्यानंतर आम्ही आणखी तीन दुकानं पालथी घातली. दिवेलागणीला आबा म्हणाले, पुरे.

म्हाताऱ्यांनी आमची न बसणारी जोडी खळखळ न करता परत घेतली. रात्री आम्ही त्यांच्याच ओसरीवर निजलो, सकाळी एस.टी.स्टँडवर आबांनी मला द्रोणातून कुंदा घेऊन दिला. स्वतः चहा घेतला. बाकावर बसून म्हणाले, "एक बरा झाला. समाजल्याबरोबर सांगलंस. नायतर ह्या बऱ्या माणसाक मी कागदार लबाड म्हणतलंय होतंय." मी कुंदा खात होते. तो चांगला होता. मी सगळा संपवला.

सोमवारी पाडवा. आयेनं गुढी उभारली, कडुलिंबाची चटणी केली, गोडाचे घावन केले. आबांनी तात्यांकडे निरोप पाठवला की लॉरी सांगा. मग मला काकासाठी कार्ड लिहायला लावलं. त्यात एकच ओळ होती: 'जागा असल्यास येतो.' जागा होती. आठ दिवसांनी आम्ही आबांना मालवण बंदरावर पोचवायला गेलो. पडावात, छोट्या होडीत, बसून ते आगबोटीकडे गेले, मांडीवर ट्रंक धरून. आये पदर तोंडाशी धरून उभी होती. भाऊ हात हलवत होता, त्याला ती मजा वाटली. मी रडले नाही. रडायचा हक्क आपल्याला नाही असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं, आणि ते मी कुणाला सांगूही शकत नव्हते. गाडी पावसाळाभर चिऱ्यांवर उभी राहिली. दसऱ्याच्या सुमाराला बांद्याचा एक माणूस आला, त्यानं स्वतःच्या डिस्का आणल्या होत्या. त्यानं ती विकत घेऊन चालवत नेली.

आबा मुंबईत एकवीस वर्षं राहिले. पुढच्या गणपतीला आले तेव्हा माझा भाऊ आयेच्या मागे लपला. आबांनी ट्रंकेतून गोळ्यांचा डबा काढला, तरी तो पुढे आला नाही. मी त्याला बखोटीला धरून पुढे ढकलला आणि आये माझ्यावर ओरडली. मला मात्र आबांनी मुंबईच्या पगारावर कॉलेजात घातलं. लोक म्हणतात, बघ, गेले म्हणून तुझं शिक्षण झालं. असेल. पण संध्याकाळी माझ्या भावाला बाप नव्हता, आणि आयेला त्या एकवीस वर्षांत रात्रीच्या जेवणाला सकाळचं सार पुरायचं.

रजेत गावी आले की, आणि पुढे निवृत्त होऊन आल्यावर रोजच, आबा ओसरीवर बसून गोष्टी सांगायचे. लढाईच्या त्यांनी फार सांगितल्या नाहीत. त्यांची आवडती गोष्ट विरीची. पोस्टमनला, मला बघायला आलेल्या मंडळींना, पुढे माझ्या नवऱ्याला, माझ्या शाळेच्या हेडमास्तरांना, सगळ्यांना. गोष्टीत मी भूमितीची पंडित, विरी सुकते, बाप फसतो, आणि शेवट ठरलेला: "पण चूक समाजली त्याच घडयेक सांगल्यान. अशी माणसां थोडी." लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे. माझं लग्न ठरण्यात त्या गोष्टीचा वाटा होता, असं सासरे उघड म्हणायचे. दरवेळी मला वाटायचं, आता बोलावं. दरवेळी ओसरीवर आणखी कुणीतरी असायचं.

शेवटच्या उन्हाळ्यात आबा बरेच थकले होते. मी सुट्टीत माहेरी होते, माझा मुलगा नऊ वर्षांचा. आबांनी त्याला खाटेपाशी बसवून गोष्ट सांगितली, मी बाजूला फणस फोडत होते. पोरगं हिशेबी. गोष्ट संपल्यावर त्यानं विचार केला आणि म्हणालं, "आजोबा, डिस्की एकच दिवस आदी गेल्यो. माझ्या आयेक आदी समाजला असता तर गावल्यो असत्यो ना? मगे तुमी मुंबयक गेलात नसतास."

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. ओसरीवर आम्ही तिघंच होतो. माझे हात चिकानं माखले होते.

"समाजाकच नाय तर सांगतली खंयसून?" आबा म्हणाले. "समाजला त्याच दिवशी सांगल्यान." मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "काय गो?"

मी म्हटलं, "व्हय."